सरूताई ‘येते’ म्हणाल्या

आमच्या समोरच्या दारातल्या सरूताई वाळिंबे यांनी एकसष्टाव्या वर्षी नेपाळात लग्न केलं आणि त्या तिकडेच राहिल्या, ही बातमी होळीनंतरच्या आठवड्यात आमच्या इमारतीत पसरली. नवरा होडी चालवतो आणि त्याला झुपकेदार मिशा आहेत, इथपर्यंत तपशील आला होता. तो आणला बायडाबाईंनी. बायडाबाई आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांची भांडी घासतात आणि एका घरातलं दुसऱ्या घरात पोचवण्याचं काम हौसेनं करतात. मीही त्याच खात्यातला, त्यामुळे आमचं बरं चालतं.

“सरूताईंचं जमलं म्हणं तिकडं,” त्या ओलं फडकं पिळत म्हणाल्या. “कुसुमबाईंनी सोताच्या तोंडानं सांगितलं.”

यातलं खरं एवढंच, की होडीवाला होता. मिशा नव्हत्या, आणि लग्न तर नव्हतंच.

झालं होतं असं. नेपाळला तिघी मैत्रिणी गेल्या आणि परत दोघीच आल्या. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आप्पासाहेब यांनी त्या दोघींपैकी कुसुमताई दात्यांना भाजीच्या गाडीवर गाठलं आणि विचारलं, “सरोजिनीबाई दिसत नाहीत त्या?” कुसुमताई तेव्हा आतून धुमसत होत्या. “तिचं तिकडं जमलंय. होडीवाल्याबरोबर गेली, राहिली ती,” असं म्हणून त्यांनी कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबली आणि चालू लागल्या. आता मराठीत बाईमाणसाचं ‘जमलं’ म्हणजे एकच गोष्ट जमते. आप्पासाहेब भाजी न घेताच घरी आले. पुढचं, मिशांसकट, बायडाबाईंनी केलं.

सरूताईंना ओळखणाऱ्या माणसानं हे ऐकून हसायला हवं होतं. पण ओळखत कोण होतं? निम्म्या महाराष्ट्रानं त्यांचा फक्त हनुवटीपासून कपाळापर्यंतचा भाग पाहिलेला. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली. उत्तरं आखूड. “बार्शी गाडी कधी येईल हो?” “आली की दिसेल.” “फलाटाला लागली का?” “जाऊन बघा, मी इथं बसलेय.” लोक चिडायचे, तक्रार करू म्हणायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा त्यांच्याच खिडकीशी यायचे. कारण गाडी रद्द झालेली असली तर सरूताई तोंडावर सांगायच्या, “आज नाही. घरी जा.” येईल, येईल म्हणत माणसाला बाकावर ताटकळत ठेवणं त्यांना कधी जमलं नाही. वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना सहनच होत नाही. त्या म्हणतात, तो चेहरा खिडकीच्या गजांतून दिवसभर पाहिला की रात्री जेवण जात नाही.

कुसुमताईंची ओळख या खिडकीतूनच झाली. कुसुमताई लोणी काळभोरच्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि रोज सकाळी स्वारगेटला येऊन सोलापूर रस्त्याच्या गाडीची चौकशी करायच्या. एक दिवस दोघींचं असं कडाक्याचं भांडण झालं, की शेजारच्या पासाच्या खिडकीतल्या जरीना शेख मधे पडल्या आणि म्हणाल्या, “बाई, तुमची गाडी गेली. आता भांडून झालं असेल तर चहा घ्या.” तेव्हापासून तिघींचं गूळपीठ. जरीनाताईंच्या मुलाच्या लग्नात सरूताई आणि कुसुमताई बिर्याणीच्या पंगतीशेजारी बसून शिरा खात होत्या, आणि सरूताईंची आई गेली त्या दिवशी घर भरेल एवढा स्वयंपाक जरीनाताईंच्या घरून आला होता.

सरूताईंनी लग्न केलं नाही. आईचं आजारपण होतं, त्यात राहून गेलं, असं त्या सांगतात. कधी लहर आली तर “एक मुलगा आला होता पाहायला, पण तोही इतका उशिरा की शेवटची गाडी सुटलेली होती” असंही सांगतात. आई गेल्यापासून त्यांच्या स्वयंपाकघरात ताट एकच. कधी बाहेरून उशिरा आल्या तरी दारावरच्या कुलपाला त्याचं काही वाटत नाही. हे वाक्य त्यांचंच आहे, माझं नाही. माझं असतं तर मी ते जरा विनोदी केलं असतं.

निवृत्त झाल्यावर तिघींनी ठरवलं, एकदा कुठंतरी लांब जायचं, पायाला घाई नसलेलं. जरीनाताईंच्या घरात दोन मुलं, दोन सुना आणि नातवंडांचा सुकाळ. त्यांची अट एकच: “मला झोपायचंय. मला कुणी उठवायचं नाही.” कुसुमताईंची अटही एकच: गेंडा. आयुष्यभर वर्गात फळ्यावर एकशिंगी गेंडा काढला आणि प्रत्येक तुकडीतलं एकतरी पोर उठून म्हणालं, “बाई, म्हैस छान आलीय.” एकदा डोळ्यांनी बघितला तर निदान मान ताठ ठेवून काढता येईल, असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर कुणासाठी काढणार, हे मी विचारलं नाही. मला माझे दात प्रिय आहेत. नेपाळात चितवनच्या रानात गेंडे आहेत, पोखऱ्याला तळं आहे, पासपोर्टाची भानगड नाही, मतदार ओळखपत्रावर परदेश. ठरलं.

“आणि तुझी अट काय गं, सरू?” जरीनाताईंनी विचारलं.

“कुठंही चालेल. फक्त चौकशी मी करणार नाही.”

पोखऱ्याचे पहिले दिवस कसे गेले, ते जरीनाताईंनी मला सविस्तर सांगितलं. म्हणजे सांगण्यासारखं काही घडलंच नाही, हे सविस्तर सांगितलं. तळ्याकाठी एक छोटं हॉटेल. सकाळी गच्चीत उन्हाला बसलं की समोर डोंगरांच्या वर आणखी एक डोंगर, पांढरा, माशाच्या शेपटीसारखा फाटलेला. तो दिसायचा, मग ढगात जायचा. कुसुमताई दुर्बीण लावून त्याची उंची सांगायच्या. जरीनाताई उशीवरूनच “बरं” म्हणायच्या आणि कूस बदलायच्या. सरूताई पहिल्या दिवशी अस्वस्थ होत्या, हाताला काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं, की नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे. अर्धा तास नाही, तास नाही, पंधराच मिनिटं. हे त्यांना फार आवडलं. “वेळापत्रकात बसवलेला देश आहे,” म्हणाल्या, आणि स्वतःचं घड्याळ त्यांनी पुण्याच्याच वेळेवर ठेवलं. मग दर थोड्या वेळानं मनातल्या मनात मिळवणी करत त्या शांत बसून राहिल्या. त्यांच्या परीनं ती विश्रांतीच होती.

एका दुपारी तिघी होडीत बसून तळ्याच्या पलीकडे गेल्या. होडी बलबहादुर नावाच्या माणसाची. हाच तो, बिनमिशांचा. पलीकडच्या काठावर, चार पायऱ्या चढून, एका म्हातारीचं घर होतं आणि ओसरीवर चहाचं दुकान. म्हातारीचं नाव दिलमाया. नवरा आपल्या पलटणीत होता, तो वारला. मुलगे कतारला कामाला. नवऱ्याबरोबर हिंदुस्थानातल्या छावण्यांत दिवस काढलेले, त्यामुळे हिंदी बोलायची, आणि सरूताईंपेक्षा पुष्कळ बरं बोलायची.

सरूताईंचं हिंदी हा वेगळाच विषय आहे. जरीनाताईंच्या शेजारी इतकी वर्षं बसूनही त्या “हम को कुछ मंगता नहीं” याच्या पुढे सरकल्या नाहीत. पण त्या दुपारी गप्पा जमल्या. दिलमाया हिरवा पाला निवडत बसली होती. सरूताईंनी न विचारता अर्धा पाला स्वतःपुढे ओढला. दोघींनी मिळून तो निवडला, मटार सोलले. कुसुमताईंनी दुर्बिणीतून पलीकडचा काठ पाहिला. जरीनाताई ओसरीच्या खांबाला टेकून झोपल्या. ऊन तळ्यावरून हळूहळू वर चढत आलं आणि पायऱ्यांवर येऊन थांबलं. निघायची वेळ झाली.

आता आपल्यात दारातून निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? लहानपणी एकदा चुकून म्हटलं असेल तर पाठीत धपाटा बसलेला आठवत असेल. सरूताईंनी दिलमायाचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “अच्छा दिलमायाबाई, मैं आती हूँ हं.”

“कब?” दिलमायानं विचारलं.

हेही आपल्याकडे विचारतातच. ‘या हं पुन्हा, कधी येताय?’ आणि आपण काय म्हणतो? ‘येऊ की, उद्या-परवा.’

“आएंगे की,” सरूताई म्हणाल्या. “कल-परसों.”

“कल आओ. शाम को. भात खाओगी?”

“खाएंगे की! क्यों नहीं!”

दिलमायानं मान हलवली. तिघी होडीत बसल्या आणि पुण्याच्या कुठल्याही माणसानं केलं असतं तेच सरूताईंनी केलं: हॉटेलवर पोचेपर्यंत सगळं विसरल्या. आपल्याकडे ‘येऊ की’ म्हणणारा माणूस खरंच आला, तर घरात किती धावपळ होईल याचा विचार करा.

दुसरा दिवस आळसात गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी चितवनची गाडी होती. रस्त्याच्या कडेला बसगाड्यांची रांग लागलेली, किटल्या घेऊन चहावाले फिरताहेत, कुसुमताई टोपी घालून सज्ज. तेवढ्यात चहा प्यायला आलेला बलबहादुर या तिघींना पाहून जवळ आला.

“दीदी, आमा पूछ रही थी, आप लोगों में कोई बीमार है क्या?”

“कुठली आमा?” कुसुमताईंनी जरीनाताईंना विचारलं.

“दिलमाया आमा. कल शाम को भात पकाया था आप लोगों का. अंधेरा होने तक नीचे पानी के पास बैठी थी. खाया भी नहीं. मेरे को बोली, देख के आ, किसी को कुछ हुआ तो नहीं.”

जरीनाताई म्हणतात, सरूताईंचा चेहरा त्यांनी आईच्या तेराव्यालाही असा पाहिला नव्हता. बलबहादुर रागावून बोलला असता तर सरूताईंनी त्याला दोन उलट शब्द ऐकवले असते. पण तो नुसतीच चौकशी करत होता.

“माझी वाट पाहत बसली ती,” सरूताई म्हणाल्या.

“अगं, ते आपलं बोलायचं असतं,” कुसुमताई म्हणाल्या.

“आपलं. तिला काय ठाऊक?”

“‘चलती हूँ’ म्हणायचं गं अशा वेळी,” जरीनाताई म्हणाल्या. “किती वर्षं सांगतेय तुला!”

“चालते म्हणू? उठून चालते म्हणू कुणाच्या दारातून?”

“बरं, आता हिंदीचा तास नको,” कुसुमताईंनी घड्याळ पाहिलं. “याला सांगा, आम्ही दिलगीर आहोत. आणि काहीतरी पाठव तिला. बिस्किटांचा पुडा आहे माझ्याकडे.”

“भात रांधून बसलेल्या बाईला बिस्किटं पाठवू?”

“मग काय करू? गाडी समोर उभी आहे, सरू!”

“गाडीला सांग, मी येत नाही.”

“गाडीला काय सांगायचंय! मला सांग!”

“तुलाच सांगतेय.”

कंडक्टर पिशव्या वर चढवायला लागला होता. कुसुमताईंचा आवाज बारीक झाला. तो बारीक झाला की जास्त लागतो. “सरू, आयुष्यभर मी फळ्यावर म्हैस काढली.”

“गेंडा.”

“तेच ते. तिघींनी मिळून बघायचं ठरलं होतं. मला एकटीनं जाऊन बघायचा असता तर कधीच गेले असते.”

सरूताईंनी आपली पिशवी रांगेतून बाजूला ओढली. “तू हो पुढं. जरीना आहे बरोबर. मी तिला तोंड दाखवते आणि उद्याच्या गाडीनं येते.”

“बघ, परत ‘येते’ म्हणालीस,” जरीनाताई हसल्या. कुसुमताई हसल्या नाहीत. त्या गाडीत चढल्या आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसल्या. जरीनाताई एकदा रस्त्यावरच्या मैत्रिणीकडे, एकदा गाडीतल्या मैत्रिणीकडे बघत शेवटी पायरीवर चढल्या. त्यांना फक्त झोपायचं होतं हो. गाडी सुटली. आयुष्यभर गाड्या सोडणाऱ्या सरूताई, जन्मात एकट्यानं कधी जिल्ह्याबाहेर न गेलेल्या, परमुलखातल्या रस्त्यावर पिशवी घेऊन उभ्या राहिल्या.

यापुढचं सरूताईंनी मला स्वतः सांगितलं. एकदम नाही, दूध उतू जायला आलं की गॅस बारीक करत, थोडं थोडं.

होडीतून उतरल्या तेव्हा दिलमाया ओसरीवरच होती. रागावली नाही. रडली नाही. वरून खालपर्यंत नीट पाहिलं, ताप वगैरे नाही याची खात्री केली आणि म्हणाली, “भात ठंडा हो गया.”

“वो कल का होगा,” सरूताई म्हणाल्या.

“हाँ. कल का. आज का अभी बनाती हूँ.”

सरूताईंनी हात जोडून समजावून सांगायला सुरुवात केली. आपल्याकडे जाताना ‘जाते’ म्हणणं वाईट, म्हणून ‘येते’ म्हणतात. उद्या-परवा म्हणजे उद्याही नाही आणि परवाही नाही. ‘खाऊ की’ म्हणजे खायचंच असं नाही. दिलमाया तांदूळ धूत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, “तो जब सच में आना होता है, तब क्या बोलते हो?”

चौकशीच्या खिडकीत इतकी वर्षं काढलेल्या बाईला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी पुष्कळ विचार केला. तेच म्हणतो, दुसरं काही म्हणतच नाही, हे लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, “वोईच.” दिलमाया हसली. इतकी हसली, की तिला चूल फुंकता येईना.

जेवताना आणखी एक घोटाळा. आपल्याकडे ताटात टाकायचं नाही, ही शिस्त. सरूताईंनी ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. दिलमायाला वाटलं, बाई उपाशी आहे. तिनं आणखी भात वाढला. सरूताईंनी तोही संपवला. आणखी आला. अशा रीतीनं दोन्ही देशांनी आपापल्या चालीरीती सांभाळल्या आणि शेवटी सरूताईंना भिंतीला धरून उठावं लागलं. ‘पुग्यो’, म्हणजे पुरे, हा शब्द त्या तिसऱ्या ताटानंतर शिकल्या.

दुपारी त्या होडीनं अलीकडे आल्या आणि दुकानातून जरीनाताईंना फोन केला. जरीनाताईंनी तिकडचं सिम घेतलं होतं. “येते गं उद्याच्या गाडीनं,” सरूताई म्हणाल्या. “कुसुमला सांग.” तेव्हा त्यांना खरंच जायचं होतं. हे मी त्यांना दोनदा उलटून विचारलं, दोन्ही वेळा तेच सांगितलं.

पण बाजारात त्या जरा रेंगाळल्या आणि पलीकडे परतायला दिवेलागण झाली. ओसरीवर दिलमाया नव्हती. शेजारी कुणाकडे तरी गेली होती. चुलीच्या कडेला एक ताट होतं आणि त्यावर दुसरं उपडं झाकलेलं. वरचं ताट उचललं तर भात, डाळ, दुपारी निवडलेल्या पाल्याची भाजी. वाफ अजून होती.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. जेवले.”

“आणि उद्याची गाडी?”

“गेली असेल वेळेवर.”

त्या तिथं राहिल्या; दोन दिवसांनी जरीनाताईंना फोनवर ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणून कळवलं. सकाळी उन्हाला बसायचं, पाला निवडायचा, चहाला कुणी आलं तर कप विसळायचे. दिलमाया कुठं गेली तर सरूताईंनी वाट बघायची, सरूताई गेल्या तर दिलमायानं. बोलणं फारसं नाही. माशाच्या शेपटीचा डोंगर दिसला तर दोघींपैकी एकीनं हनुवटी वर करायची, दुसरीनं बघायचं. सरूताई म्हणतात, त्या दिवसांत त्यांनी घड्याळात एकदाही मिळवणी केली नाही. मैत्रिणी काठमांडूहून विमानानं निघाल्या, तेव्हा या ओसरीवर मटार सोलत होत्या.

निघायचा दिवस आला तेव्हा मोठीच अडचण उभी राहिली. ‘आती हूँ’ म्हणायची सोय उरली नव्हती. ‘जाती हूँ’ जिभेवर येईना. पायरीशी उभ्या राहून शेवटी म्हणाल्या, “दिलमायाबाई, आना हुआ तो आऊँगी. मेरा राह देखो मत.”

“राह देखना मेरा काम है,” दिलमाया म्हणाली. “तुम अपना देखो.”

सरूताई बसनं सरहद्दीपर्यंत, तिथून गोरखपूर आणि पुढे रेल्वेनं पुण्याला आल्या. विमानापेक्षा त्यांचा बसवर विश्वास जास्त. बरोबर दिलमायानं दिलेला सुकवलेला पाला होता, गुंद्रुक नावाचा. त्याच्या वासानं आमचा जिना दोन दिवस भरून राहिला आणि लग्नाची बातमी त्यात विरून गेली. बायडाबाईंनी घरभर फिरून पाहिलं, मिशा कुठं दिसल्या नाहीत, तेव्हा त्या फार हिरमुसल्या.

पण सरूताई पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत, आणि त्याचा त्रास आम्हालाच झाला. कुणी ‘येते’ म्हटलं की त्या विचारायच्या, “कधी?” आप्पासाहेब जिन्यात सवयीनं म्हणाले, “येऊ एकदा निवांत, प्रवासवर्णन ऐकायला.” “निवांत म्हणजे कोणता वार?” आप्पासाहेब तेव्हापासून लिफ्ट वापरतात. मीही एकदा बोलून गेलो, “येईन की जेवायला, सवडीनं.”

“गुरुवारी सवड आहे तुला?”

“अं… आहे.”

“साडेसात. उशीर होणार असेल तर फोन कर.”

कुसुमताई मात्र ना फोन उचलत होत्या, ना सकाळी फिरायला येत होत्या. जरीनाताई मधल्यामधे निरोप वाहत होत्या. गेंडा दिसला म्हणे. छान दिसला, अगदी समोर, चिखलात बसलेला. “पण कुसुमनं दुर्बीणच लावली नाही,” जरीनाताई मला म्हणाल्या. “मला म्हणाली, बघ गं तू, आणि आपण मागं वळून रस्त्याकडं बघत बसली. अरे दिगंबर, एवढ्या लांब जाऊन गेंडा शेवटी मी बघितला. मला कशाला हवा होता गेंडा!” सरूताईंना हे कळलं तेव्हा त्यांनी त्या संध्याकाळी टीव्हीही लावला नाही. इतकी वर्षं एका डब्यात जेवलेली मैत्रीण हातची जाते की काय, ही धास्ती त्यांच्या दाराखालून आमच्या दारापर्यंत येत होती. शेवटी जरीनाताईंकरवीच त्यांनी निरोप धाडला: गुरुवारी ये. कुसुमताईंचं उत्तर आलं: बघते.

“बघते म्हणजे काय?” सरूताईंनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “आपल्यात ‘बघते’ म्हणजे नाही.”

तरी गुरुवारी त्यांनी ताटं जास्तच घेतली. मी साडेसातला हजर. जरीनाताई आल्या आणि लगेच सोफ्यावर कलंडल्या. आम्ही थांबलो. गुंद्रुकाची आमटी दोनदा गरम झाली. मी म्हणालो, “सरूताई, सुरू करू या का?” त्या म्हणाल्या, “भूक लागली असेल तर शेंगदाणे खा.”

बऱ्याच वेळानं बेल वाजली. कुसुमताई दारात उभ्या, चपला पायातच.

“बसायला आलेली नाही,” त्या म्हणाल्या. “एक विचारायला आलेय.”

“विचार.”

“तू फोनवर जरीनाला म्हणालीस, उद्या येते. मी त्या चितवनच्या स्टँडवर जाऊन उभी राहिले. पहिली गाडी बघितली. दुसरी बघितली. एकेक माणूस उतरताना बघितला. लोक मला विचारायला लागले, कुणी आजारी आहे का म्हणून.” त्यांचा आवाज पुन्हा बारीक झाला होता. “त्या परक्या बाईनं वाट पाहिली तर तुझ्या जिवाला लागलं. मी पाहिली त्याचं काय?”

जरीनाताई उठून बसल्या. मी शेंगदाणे खाली ठेवले. हे सरूताईंना ठाऊकच नव्हतं. त्या आत गेल्या, कुसुमताईंचं ताट घेऊन आल्या, आणि ते हातात धरूनच म्हणाल्या:

“चुकलं माझं. पण तू रागावशील, महिनाभर तोंड फिरवशील आणि मग येशील, एवढं तुझं मला ठाऊक होतं. तिचं मला काहीच ठाऊक नव्हतं. आता भात वाढू, की अजून थोडं रागवायचंय?”